स्वस्त ब्रॉडबँड आणि लँडलाइन: आधी गरज मोजा, मग प्लॅन बघा

"किती एमबीपीएसचं घेऊ?" या प्रश्नापासून सुरुवात केली की हमखास जास्तीचे पैसे जातात. (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, हे इंटरनेटच्या वेगाचं माप.) आधी कागद घ्या आणि संध्याकाळी घरात एकाच वेळी काय काय चालू असतं ते लिहा. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-के व्हिडिओला १५ ते २५, व्हिडिओ कॉलला जाता-येता दोन्हीकडे ३-४. फोनवरच्या नुसत्या बोलण्याला ०.१ एमबीपीएस पुरतो. एक फोर-के, एक एचडी आणि एक व्हिडिओ कॉल एकदम चालला तरी बेरीज ३४ होते. वर निम्मं जास्त धरा, म्हणजे ५० चा प्लॅन झाला. यापुढे ३०० चा घेतला तरी साधी वेबपानं त्या प्रमाणात भराभर उघडत नाहीत, कारण तिथे खरा वेळ सर्व्हरचं उत्तर यायला लागतो.

एक गोंधळ इथेच मिटवून टाका. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो, डाउनलोड होताना दिसणारा मेगाबाइटचा, आणि ८ बिटचा एक बाइट. त्यामुळे ५० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला ६ मेगाबाइट दिसत असतील तर लाइन अगदी ठीक आहे.

अपलोडचा, म्हणजे घरातून बाहेर पाठवण्याच्या वेगाचा आकडा जाहिरातीत बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. तो विचारून घ्या. तांब्याच्या आणि केबल टीव्हीच्या लाइनवर अपलोड बहुधा डाउनलोडच्या मानाने फारच कमी मिळतं. कोणाच्या तरी मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढायला लागतात, अपलोड भरून जातं आणि त्याच वेळी चाललेल्या कॉलमध्ये आवाज तुटतो. लोक मग डाउनलोड वाढवून घेतात आणि आवाज तुटायचा तो तुटतच राहतो.

लाइन कोणती, ते आधी

दर जवळपास सारखे असतील तर फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची तार घ्या, यात फार विचार करण्यासारखं नाही. तांब्याच्या तारेवर अंतर वाढेल तसा वेग घसरतो. रस्त्यावरच्या पेटीपासून किलोमीटरभर लांब असलेल्या घराला जाहिरातीतला वेग सहसा मिळत नाही. केबलच्या आणि मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या जोडणीत आसपासची घरं तीच वाट वापरतात, म्हणून संध्याकाळी वेग बसतो. मात्र "फायबर" हा शब्द ऐकून लगेच हो म्हणू नका. फायबर घरात येते, की इमारतीपर्यंत किंवा खांबापर्यंत येऊन पुढे तांब्याची तार आहे, हे थेट विचारा. त्याच इमारतीत तीच कंपनी वापरणाऱ्या कोणाकडे रात्री आठ ते दहाच्या दरम्यान वेग मोजता आला, तर सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा तो आकडा भरवशाचा.

पूर्ण कराराचा हिशोब

महिन्याच्या दराकडे बघून निर्णय घेऊ नका. समजा करार २४ महिन्यांचा आहे, पहिले १२ महिने सवलतीचा दर आणि पुढे दीडपट. मग एकूण खर्च सवलतीच्या ३० महिन्यांइतका झाला. दुसरीकडे पहिल्या दिवसापासून सव्वापटीपेक्षा थोडा कमी, म्हणजे १.२ पट दर असेल, तर २४ महिन्यांचे २८.८ च होतात. महाग दिसणारा प्लॅन स्वस्त निघाला. या बेरजेत इन्स्टॉलेशन, कर आणि राउटरचं भाडंही धरा. भाडं गुणिले २४ ही रक्कम नव्या राउटरच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर स्वतःचा राउटर घ्या, पण तो त्यांच्या लाइनवर चालू देतात का हे आधी लेखी विचारा. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल आणि करार मध्येच सोडला तर किती भरावं लागेल, हेही लेखीच हवं.

"अनलिमिटेड" लिहिलेल्या प्लॅनलाही पुष्कळदा मर्यादा असते. ती ओलांडली की वेग १-२ एमबीपीएसवर आणून ठेवतात, मग एचडी व्हिडिओ अडकतो. ५ एमबीपीएसने तासभर चाललेला व्हिडिओ सव्वादोन जीबी खातो. रोज तीन तास धरले तर महिन्याला २०० जीबी नुसत्या एका पडद्याचे. मर्यादा किती जीबीची आणि नंतरचा वेग किती, हे दोन्ही आकडे टिपून ठेवा.

फोन

फायबरवरचा फोन इंटरनेटवरूनच चालतो. फायबरच्या डब्याला (बाहेरची तार घरात येऊन जिथे लागते तो) किंवा राउटरला मागे फोनसाठी वेगळी, नेटवर्कच्या खाचेपेक्षा अरुंद खाच असते. फोन तिथे लावायचा. भिंतीतली जुनी सॉकेटं आपोआप चालत नाहीत. ती वापरायचीच असतील तर घरातलं वायरिंग बाहेरच्या जुन्या लाइनपासून आधी पूर्ण तोडून घ्यावं लागतं.

खरी अडचण वीज गेल्यावर समजते. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजकडूनच वीज मिळायची, म्हणून अंधारातही साधा फोन वाजायचा. नव्या फोनला घरातली वीज लागते. घरात एकटं राहणारं वयस्कर माणूस असेल तर यात कसर करू नका, छोटा डीसी यूपीएस, म्हणजे अडॅप्टरच्या जागी थेट वीज देणारा बॅटरीचा डबा घ्याच. फायबरचा डबा आणि राउटर, दोन्हींच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा: व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअरची बेरीज यूपीएसच्या क्षमतेच्या आत हवी. दोन्ही मिळून १५ वॅट घेत असतील तर २२ वॅट-तासाची बॅटरी सव्वा तासाच्या आसपास टिकते. फोन कॉर्डलेस असेल तर त्याच्या बेसलाही वीज लागते, म्हणून एक साधा तारेचा फोन जवळ असू द्या. लिफ्टचा किंवा घरफोडीचा अलार्म जुन्या लाइनवर असेल तर तो नव्यावर चालतो का, हे अलार्मवाल्यालाच विचारा.

कॉलचं पॅकेज निवडायला मागची तीन बिलं पुरतात. लँडलाइनवर, मोबाइलवर आणि परदेशात किती मिनिटं गेली ते वेगवेगळं मोजा. मोफत कॉल पुष्कळदा यातल्या एकाच प्रकाराला असतात. जुना नंबर ठेवायचा असेल तर तो पोर्ट होतो का, म्हणजे नव्या कंपनीकडे नेता येतो का, हे विचारा आणि जुनं कनेक्शन आधी बंद करू नका. बंद झालेला नंबर पोर्ट करता येत नाही, म्हणून नव्या कंपनीकडून पोर्ट पूर्ण होऊ द्या.

जोडणीच्या दिवशी

तंत्रज्ञ घरात असतानाच लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजा. वायफायवरचा आकडा या कामाचा नाही. प्लॅन २०० चा आणि आकडा ९४-९५ वरच अडत असेल, तर दोष बहुतेक वेळा लाइनचा नसतो. केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असते, किंवा राउटरची अथवा लॅपटॉपची केबल लावायची खाचच १०० ची असते. केबल बदलून पुन्हा मोजा. मग त्याच लॅपटॉपवरून बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर पन्नास वेळा पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा: एकही संदेश हरवता कामा नये आणि वेळेत मोठे चढउतार नकोत. वेग पूर्ण असूनही कॉल तुटत असेल तर कारण इथे दिसतं.

फायबरची तार कोपऱ्यात काटकोनात दाबू देऊ नका. वळणाची त्रिज्या निदान ३ सेंटिमीटर ठेवायला सांगा, आणि वर खिळा ठोकू देऊ नका. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला तर बहुधा तारेतून प्रकाशच येत नसतो. अशा वेळी राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्यात अर्थ नाही, सरळ तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात न ठेवता घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा.

सही करण्याआधी करार संपण्याची तारीख आणि सोडण्यासाठी किती दिवसांची सूचना द्यायची हे बघा, आणि तारखेच्या दीड महिना आधीची आठवण मोबाइलवर लावून ठेवा. कनेक्शन सोडताना राउटर परत दिल्याची पावती, त्यावर सिरियल नंबर लिहिलेला, मागून घ्या.