फॉस्टर करताय? आधी एक वही घ्या

बेघर कुत्र्या-मांजरांना दत्तक जाईपर्यंत घरात सांभाळायचं ठरवलंत, की वाडगा आणि पट्टा घेण्याआधी एक जाड वही घ्या. रस्त्यावरून आलेल्या जिवाबद्दल कुणालाच काही ठाऊक नसतं. वय अंदाजाने, आजार अंदाजाने, स्वभावाचा तर अंदाजही नाही. पुढच्या घराला त्याची खरी ओळख करून देणं हे आपलं काम, आणि त्यासाठी रोज चार ओळी लिहाव्या लागतात: किती खाल्लं, शी कशी झाली, वजन किती, कशाला घाबरलं, कशाने खूश झालं. माझ्याकडून आजवर ३१ जीव आपापल्या घरी गेले. प्रत्येकाची वही वेगळी.

उचलून आणण्याआधी मात्र थोडं थांबा. मांजरीची पिल्लं एकटी दिसली म्हणजे पोरकीच असतील असं नाही. पोटं टम्म, अंग स्वच्छ, एकमेकांवर रेलून गाढ झोपलेली असतील, तर बहुधा आई जवळपास आहे. लांब उभं राहून काही तास वाट बघा. पिल्लं गार पडली असतील, सतत केकाटत असतील किंवा जागाच धोक्याची असेल, तरच हात लावा.

घरात आलेल्या प्रत्येकाला पहिले १४ दिवस वेगळी खोली. रिकामं न्हाणीघरसुद्धा चालेल, पण दार बंद. वाडगे वेगळे, चादरी वेगळ्या, त्या खोलीत घालायचे कपडे आणि चपलाही वेगळ्या. तिसऱ्या खेपेला मी हे पाळलं नाही. एक तरुण बोका सहाव्या दिवशी अगदी टुणटुणीत दिसत होता, म्हणून मी दार उघडं ठेवलं. आठव्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. पॅनल्युकोपेनिया, मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार. तो वाचला, पण घरात आधीपासून असलेलं, लशींचे डोस पूर्ण न झालेलं पिल्लू गेलं. शेवंती तिचं नाव. तिची वही अकराव्या पानावर थांबली आहे.

पॅनल्युकोपेनियाचा विषाणू आणि कुत्र्यांमधल्या पार्व्होचा विषाणू एकाच कुळातले, आणि दोन्ही विलक्षण चिवट. फटींत, मातीत महिनोन् महिने टिकतात, साध्या साबणाला दाद देत नाहीत. आधी साबणाने घाण काढायची, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि ३० भाग पाणी असं मिश्रण लावून १० मिनिटं ओलं ठेवायचं, नंतर स्वच्छ धुऊन कोरडं करायचं. फिनाईल मांजराच्या खोलीत नकोच. पंजाला लागलेलं मांजर चाटतं आणि त्यातलं फिनॉल त्याच्या शरीराला झेपत नाही. घरात आपली स्वतःची जनावरं असतील तर त्यांच्या लशी आधी पूर्ण करा. स्वतःसाठीही रेबीजची आगाऊ लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. चावा किंवा ओरखडा बसलाच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. छोट्या पिल्लाचा चावासुद्धा चावाच असतो.

आता दूधपित्या पिल्लांबद्दल. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण चुका इथेच जिवावर बेततात. पहिली गोष्ट ऊब. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालू नका. त्याचं पचन थांबलेलं असतं. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे फार उकडलं तर त्याला सरकता येईल. अंग हाताला उबदार लागलं की मगच बाटली. त्यात मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारं मिल्क रिप्लेसरच हवं. गाईच्या दुधाने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी बघता बघता कमी होतं. पाजताना पिल्लू पालथं, आईला लुचताना असतं तसं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. मग हळूहळू अंतर वाढवत चार तासांवर यायचं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूच्या जागी हलकेच चोळायचं. साधारण तीन आठवड्यांपर्यंत त्यांना ते आपलं आपण करता येत नाही, आई चाटून करवते.

वजनकाटा ग्रॅम दाखवणारा हवा. जन्मतः पिल्लू १०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज किमान १० ग्रॅम वाढायला हवं. रोज एकाच वेळी, दूध पाजायच्या आधी वजन करा. चार सारखी काळी पिल्लं आली तेव्हा मी नखांवर नेलपॉलिश लावून त्यांना ओळखत होते. त्यांतल्या हिरव्या नखवालीचं वजन एका सकाळी ६ ग्रॅमने घटलं. दिसायला ठणठणीत, दूधही प्यायली होती. तरी तिला त्याच दिवशी पशुवैद्यांकडे नेलं, न्युमोनियाची सुरुवात निघाली आणि ती वाचली. वजन लिहिलं नसतं तर मला दुसऱ्या दिवसापर्यंत कळलंच नसतं.

मोठ्या जनावरांचं काम निराळं. पहिले तीन दिवस त्यांना एकटं राहू द्या. मांजर पलंगाखाली बसलं तर ओढून काढू नका; एक खोकं द्या, जवळ पाठ करून जमिनीवर बसा, नजरानजर झालीच तर सावकाश डोळे मिटा. मात्र २४ तास त्याने अन्नाला तोंड लावलं नाही तर पशुवैद्यांना फोन करा, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते. बोका लिटरमध्ये, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या रेतीच्या ट्रेमध्ये, पुन्हापुन्हा बसतोय आणि लघवी होत नाहीय, हे दिसलं तर सकाळची वाटही बघू नका. आणि मनाने औषध कधीच नाही: पॅरासिटामॉल मांजराला मारतं, आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी असलेलं परमेथ्रिनचं औषधही.

कुत्रा पळून जाण्याची भीती सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यात जास्त असते. दार उघडायच्या आधी त्याला बांधा, बाहेर नेताना पट्टा आणि हार्नेस दोन्ही वापरा.

तांबू नावाचा एक कुत्रा माझ्याकडे अकरा आठवडे होता. त्याच्या वहीत पहिल्याच आठवड्यात लिहिलंय: ‘झाडू दिसला की थरथरतो. हात वर केला की बसकण मारतो. फटाफट बंद होणाऱ्या दाराचं काही नाही.’ मी झाडू खोलीच्या टोकाला आडवा ठेवला आणि रोज त्याच्या थोडं जवळ खाऊ टाकत गेले. पाचव्या आठवड्यात तो झाडूवर डोकं ठेवून झोपला. त्याला न्यायला आलेल्या काकांनी ती पानं दोनदा वाचली आणि विचारलं, ‘आमच्याकडे काठी असते, मी टेकून चालतो. चालेल का त्याला?’ मग ते दोन आठवडे रोज काठी घेऊन आमच्याकडे बसायला येत राहिले. हा प्रश्न नुसत्या फोटोवरून कुणाला सुचला नसता.

दत्तकासाठी लिहाल तेव्हा दोष लपवू नका. ‘गोड, खेळकर’ सगळेच लिहितात. ‘एकटं ठेवलं की तासभर रडतो, मग झोपतो’ असं लिहा. फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, दिवसाउजेडी काढा. येणाऱ्यांना विचारा: घरातले सगळे तयार आहेत का, खिडक्यांना जाळी आहे का, गावाला जाताना कोण बघेल, आधीच्या जनावराचं काय झालं. मनाला पटत नसेल तर नाही म्हणा. मी म्हणते, आणि त्याबद्दल वाईट वाटून घेत नाही. नसबंदी शक्यतो आपल्याकडे असतानाच करून घ्या. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते.

जाताना सोबत लशींचं कार्ड, आठवडाभर पुरेल इतकं सवयीचं अन्न, न धुतलेली चादर आणि वही द्या. तिसऱ्या दिवशी फोन करा, तीन आठवड्यांनी पुन्हा करा. ‘नाही जमत’ असं कुणी म्हणालं तर वाद न घालता परत घ्या. माझी एक मांजर नवव्या दिवशी परत आली, त्या घरातल्या लहान मुलाच्या धावपळीने ती कपाटामागून निघेना. मी वहीत ते लिहिलं. पुढच्या खेपेला दोन वयस्क बहिणींनी तिला नेलं. त्या वहीत आता त्यांचं अक्षर आहे.