कड्याखालच्या किनाऱ्यावर कुत्र्याला फिरवायचं तर

थंडीत बेळगाव-खानापूरकडून चोर्ला घाटाने गोव्याला किंवा आंबोलीवरून वेंगुर्ल्याला उतरायचं आणि सोबत कुत्र्यालाही न्यायचं, असा बेत असेल तर आधी पंचांग उघडा. कड्याखाली मोकळी वाळू किती मिळणार, हे तिथीवर ठरतं.

पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणा. येईल ती भरतीची अंदाजे वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. तृतीयेला सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी साडेआठला पाणी सगळ्यात मागे. अष्टमीला हीच वेळ भर दुपारी येते, ती कुत्र्याच्या कामाची नाही. सकाळच्या फेरीला तृतीया-चतुर्थी उत्तम. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला असते, पण थंडीत अंधार लवकर पडतो. हा हिशेब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. ओहोटीच्या दीड तास आधी चालायला लागा आणि ओहोटीच्या वेळेला, असाल तिथून, मागे फिरा. उधाणाच्या दिवसांत कड्याचं टोक वळून पलीकडच्या पुळणीवर गेलेली माणसं अडकतात ती इथेच.

जांभ्याचा चिरा आपण घराच्या भिंतीत पाहतो, त्यामुळे तो पक्का वाटतो. कड्यात मात्र वर कडक थर आणि खाली मऊ, चिकट माती असते. पावसाळ्यात लाटा ती माती पोखरतात आणि वरचा थर बिनआधाराचा राहतो. मुरलेलं पाणी पाऊस संपल्यावरही झिरपत असतं. म्हणून डिसेंबरात, आभाळ स्वच्छ असतानाही, दगड सुटतो. जुना कडा काळपट असतो, ताजी तुटलेली जागा लाल-पिवळी दिसते. पायथ्याशी धारदार कडांचे दगड, लाल मातीचा ढीग, ओला पट्टा, वर सुरूची उघडी पडलेली मुळं, यातलं एकही दिसलं तर त्या बाजूला जाऊच नका. एरवीही कडा जेवढा उंच, निदान तेवढं अंतर ठेवा: दहा मीटरच्या कड्यापासून दहा, जमलं तर पंधरा. तेवढी वाळू मोकळी नसेल तर दुसरा किनारा बघा.

कुत्रा सावली शोधत नेमका कपारीत शिरतो. म्हणून पट्टा सोडायचा नाही. दोन मीटरचा साधा नायलॉनचा पट्टा बरा. आपोआप गुंडाळणाऱ्या पट्ट्याच्या डबीत वाळू गेली की तो अडकतो. आपल्याकडच्या मुधोळ जातीच्या कुत्र्याचं डोकं निमुळतं, साध्या कॉलरमधून ते सहज निसटतं. त्याला छातीभोवतीचा हार्नेस घाला. तो नजरेने शिकार करणारा आहे; खेकडा पळाला की हाक ऐकत नाही.

बेळगावची थंडी अंगावर घेऊन उतरलेल्या कुत्र्याला किनाऱ्यावरचं दहाचं ऊनही जड जातं. हाताची मागची बाजू वाळूवर सात सेकंद टेकवा; टेकवत नसेल तर त्याचे पायही भाजणार. वीस किलोच्या कुत्र्यासाठी लिटरभर गोडं पाणी घ्या आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं पाजा. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो, मग उलट्या-जुलाब लागतात. जास्त प्यायला तर मीठ मेंदूवर जातं. कोरड्या वाळूत चेंडू फेकू नका, चेंडूबरोबर पोटात गेलेली वाळू आतड्यात साचते.

वाहून आलेलं काहीही खाऊ देऊ नका. फुगलेला केंड मासा मेलेला असला तरी विषारीच. वाळूवर पडलेल्या जेलीफिशचे धागेही डंख करतात. तुटक्या जाळ्यांत गळ असतात, खडकावरच्या कालवांनी पंजे चिरतात.

मोरजी, आगोंद, वायंगणी हे किनारे मात्र या दिवसांत टाळाच. नोव्हेंबरपासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि कुत्र्याला वाळू उकरायला निमित्त लागत नाही.

निघण्याआधी बोटांच्या बेचक्यांसकट पंजे गोड्या पाण्याने धुवा, कान कोरडे करा, पट्ट्याची कडीही धुवा, नाहीतर गंजते. जेवण घाट चढून वर आल्यावरच. भरल्या पोटी चोर्ल्याची वळणं बहुतेक कुत्र्यांना सोसत नाहीत.