सांस्कृतिक केंद्राचं पोस्टर करताय? या चुका टाळा

गुरुपौर्णिमेच्या मैफलीचा फ्लेक्स दारावर चढला आणि खाली उभ्या तबलावादकांनी विचारलं, "काय मॅडम, आज जेवणाचा बेत काय?" वर ठसठशीत अक्षरांत होतं, ‘आचाऱ्यांना अभिवादन’. आचार्यांना म्हणजे गुरूंना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. टायपिंग माझंच. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र आणि ऱ एकाच बटणावर, फरक फक्त शिफ्टचा. शब्द दोन्ही बरोबर, त्यामुळे स्पेलचेक गप्प. तेव्हापासून मजकूर छपाईला जाण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावते. आपलं लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं.

अक्षरं तुटण्याचा त्रास वेगळा. बऱ्याच ठिकाणी मजकूर अजून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये येतो, म्हणजे तो फॉन्ट नसेल तर अक्षरं भलतीच दिसतात. युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला की रफार आणि जोडाक्षरं आधी तपासा, घोळ तिथेच होतो. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फि’ची वेलांटी फ नंतर जाऊन बसत असेल, तर फॉन्टला शिव्या देऊ नका. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडा. भाषा मराठी ठेवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. प्रेसला देताना अक्षरांची आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका. मग मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा. संध्याकाळी साडेसहाचा कार्यक्रम सहाचा झाल्याचा फोन येणारच असतो.

नावांची चूक मात्र पुन्हा छापूनही भरून येत नाही. एकाला ‘पं.’ लावलं आणि शेजारच्याला विसरलं, किंवा गायिकेचं नाव हातभर आणि संवादिनीवाल्यांचं मुंगीएवढं, की ग्रीनरूममध्ये गारवा पसरतो. साथीदारांची नावं, ती कशी लिहायची आणि कोणत्या क्रमाने, हे आयोजकांकडून लेखी घ्या. फोनवर ऐकून लिहिलेल्या नावात ह्रस्व-दीर्घाचा जुगार असतो.

चित्रप्रदर्शनाच्या पोस्टरवर चित्र कापू नका, त्यावर अक्षरं चढवू नका. अगदीच गरज पडली तर ‘चित्राचा भाग’ म्हणून टीप द्या, तीही चित्रकाराला विचारून. दालनातल्या पिवळ्या दिव्यांखाली मोबाइलवर काढलेला फोटो तर वापरूच नका. निळं आभाळ हिरवट छापून येतं आणि चित्रकाराला तोंड आपल्याला द्यावं लागतं.

छपाईचं थोडक्यात: चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा कड), बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत (चार रंगांचा काळा जरा सरकला तरी अक्षराला सावली पडते), आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून.

आणि हो, मागच्या वर्षीच्या फाइलवरून नवीन पोस्टर करत असाल तर कॅलेंडर उघडून वार ताडा. तारीख सगळे आठवणीने बदलतात, वार जुनाच राहतो. आमच्याकडचे निम्मे आजी-आजोबा वार बघून येतात.