परदेशी जोडीदाराचा व्हिसा काढताना

जोडीदार पहिल्यांदाच नाशिकला घरच्यांना भेटायला येणार असेल, तर ई-टुरिस्ट व्हिसा पुरतो. तो 30 दिवसांचा, वर्षाचा किंवा 5 वर्षांचा मिळतो. पासपोर्टची मुदत मात्र किमान 6 महिने शिल्लक हवी. अर्ज सरकारी साइटवरच भरा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, ते बघा. सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट्स वर दामदुप्पट उकळतात.

फॉर्म शक्यतो तुम्ही भरू नका, जोडीदारालाच भरू द्या. आपल्याला मधलं नाव म्हणजे वडिलांचं, अशी सवय. मीही उत्साहात तेच टाकलं होतं! नशीब, पैसे भरण्याआधी तिनं पाहिलं. पासपोर्टवर जसं आहे, अक्षर न् अक्षर तसंच नाव हवं. भारतातला संपर्क म्हणून तुमचं नाव, पत्ता, फोन द्या, पत्ता पिनकोडसकट. ‘गंगापूर रोड, मंदिराच्या मागे’ एवढ्यावर भागत नाही.

आणि बहुतेक जण विसरतात ती गोष्ट पाहुणी घरी पोचल्यानंतरची. परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांच्या आत यजमानानं ऑनलाइन माहिती द्यावी लागते, ज्याला सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात. हॉटेलवाले आपलं आपण भरतात, घरी ते काम आपलं. पोर्टलवरचं खातं आधीच उघडून ठेवा. मुंबई विमानतळावरून कसारा घाट चढून आल्यावर, आई ओवाळायला ताट घेऊन उभी असताना, पासपोर्टचे फोटो काढत बसणं काही खरं नाही.