'टीडियस' हा शब्द नेमका कुठे वापरावा

आधी उच्चार. 'टेडियस' नव्हे, 'टीडियस'. 'टी' लांब आणि जोर त्याच्यावरच. स्पेलिंगमध्ये 'टी'नंतर 'ई' येतो आणि शेवटी 'ओ-यू-एस'. त्यातला 'ओ' हमखास गळतो.

मग अर्थ तपासा. काम लांबलचक आहे का? त्यात तेच ते किंवा बारीकसारीक तपशील आहेत का? दोन्हींना 'हो' म्हणता आलं, तरच 'टीडियस'. आठशे नावांची यादी कागदावरून एक्सेलमध्ये चढवणं टीडियस आहे. सिमेंटची पोती उतरवणं 'टायरिंग', कारण तिथे अंग दमतं. दहा मिनिटांतच जांभया आणणारा कार्यक्रम 'बोरिंग'. मराठीत आपण टीडियस कामाला सरसकट 'किचकट' म्हणतो, पण किचकट कामाला डोकं लागतं. टीडियस काम अगदी सोपंही असू शकतं, फक्त संपता संपत नाही. म्हणून कामासाठी 'वेळखाऊ, कंटाळवाणं' आणि भाषणासाठी 'रटाळ' हे प्रतिशब्द बरे.

वाक्यरचना तीन-चारच लक्षात ठेवा: 'अ टीडियस जॉब', 'द प्रोसेस इज टीडियस', 'आय फाइंड इट टीडियस', 'इट इज टीडियस टू चेक एव्हरी बिल'. तुलना करताना 'मोअर टीडियस'. क्रियाविशेषण 'टीडियसली', नाम 'टीडियम'.

सगळ्यात जास्त घोळ कर्त्यापाशी होतो. कंटाळा आला म्हणून 'आय ॲम टीडियस' म्हणालात, तर 'मी रटाळ माणूस आहे' अशी कबुली होते. स्वतःची अवस्था सांगायला 'बोअर्ड' किंवा 'फेड अप' वापरा. कंटाळा आणणारी गोष्ट तेवढी टीडियस. 1600 साली छापलेल्या शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग' या नाटकात गव्हर्नर लिओनाटो वैतागून डॉगबेरी या हवालदाराला टीडियस म्हणतो. डॉगबेरीला ती स्तुतीच वाटते, आणि माझ्याकडे राजाइतका टीडियसपणा असता तर सगळा तुम्हालाच दिला असता, असं तो ऐकवतो!

ऑफिसच्या ईमेलमध्ये फॉर्म, नोंदी, पडताळणी यांना टीडियस म्हणायला हरकत नाही. साहेबांच्या प्रेझेंटेशनला मात्र म्हणू नका. तिथे 'लेंग्थी' किंवा 'डिटेल्ड' लिहा. 'युअर एक्स्प्लनेशन वॉज टीडियस' हे इंग्रजीत सरळसरळ उद्धट वाटतं.