अभियांत्रिकी पदवीच्या वर्गांत शिकवताना या चुका टाळा

परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा कळतं की निम्म्या वर्गाला आधाराची प्रतिक्रिया (आधार वस्तूवर उलट लावतो ते बल) म्हणजे काय हेच उमगलेलं नव्हतं. अडचण सुरू झालेली असते तिसऱ्या आठवड्यात, शिक्षकापर्यंत पोचते सत्र संपल्यावर. मधल्या काळात ट्रस (दांड्यांचा सांगाडा), घर्षण, बीम (तुळई) सगळं त्याच कच्च्या पायावर रचून झालेलं असतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ या उशिरात आहे, आणि त्यांवरचे उपायही विद्यार्थी कुठे अडला ते लवकर कळावं यासाठीच आहेत.

‘समजलं का?’ विचारून पुढे जाणं

वर्ग माना डोलावतो, शंका कुणालाच नसते आणि चाचणीत मात्र पानं कोरी येतात. यात विद्यार्थी खोटं बोलत नसतात. फळ्यावरची प्रत्येक ओळ मागच्या ओळीतून सरळ निघताना दिसली की आपल्याला समजलं असं प्रामाणिकपणे वाटतं. म्हणून ‘समजलं का?’ ऐवजी, समज चुकीची असेल तर उत्तरही चुकेल असा प्रश्न विचारायला हवा.

विद्युत मंडलांसाठी असा एक उत्तम प्रश्न वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मॅकडरमॉट आणि शाफर यांच्या 1992 च्या अभ्यासात आहे. तीन सारख्या आदर्श बॅटऱ्या आणि पाच सारखे बल्ब घ्यायचे. पहिल्या बॅटरीला एकच बल्ब ‘अ’. दुसरीला ‘ब’ आणि ‘क’ एकसरीत. तिसरीला ‘ड’ आणि ‘ई’ समांतर. आता तेजाप्रमाणे क्रम लावायचा. बरोबर उत्तर असं: अ, ड आणि ई सारखेच तेजस्वी, ब आणि क एकमेकांसारखे, पण मंद. किरचॉफची (मंडलातल्या प्रवाहाची आणि व्होल्टेजची) समीकरणं सोडवू शकणारे विद्यार्थीही इथे चुकतात, आणि कसे चुकतात ते पाहण्यासारखं आहे. ‘ब हा क पेक्षा तेजस्वी’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात प्रवाह वाटेत खर्च होतो. ‘ड आणि ई हे अ पेक्षा मंद’ म्हणणाऱ्याला बॅटरी नेहमी ठरावीक प्रवाहच देते असं वाटतं. हे दोन वेगळे गैरसमज आहेत आणि त्यांची समजूतही वेगवेगळी घालावी लागते.

असा प्रश्न वर्गात चालवण्याची पद्धत हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी 1991 पासून रुजवली. प्रश्न दाखवा आणि एक मिनिट प्रत्येकाला एकट्याने विचार करू द्या. मग अ, आ, इ, ई लिहिलेली कार्डं एकदम वर करायला सांगा. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्के असतील, तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं चर्चा आणि पुन्हा मत. 30 च्या खाली असतील, तर चर्चा करू नका. वर्गात बरोबर बाजू मांडणारेच पुरेसे नसतात, म्हणून संकल्पना वेगळ्या वाटेने पुन्हा शिकवा. 70 च्या वर असतील, तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे चला.

ही पद्धत फसते ती छोट्या कारणांनी. पहिल्या मतदानाचा निकाल चर्चेआधी दाखवला की सगळे बहुमताकडे झुकतात. बरोबर उत्तराला जास्त गुण ठेवले की चर्चा थांबते आणि हुशार मुलाचं कार्ड पाहणं सुरू होतं. गुण द्यायचेच असतील तर भाग घेतल्याबद्दल द्या. तोंडी प्रश्न विचारून शिक्षकाने स्वतःच उत्तर देऊन टाकणं ही तर जुनीच सवय. मेरी बड रो यांच्या निरीक्षणांत शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नव्हते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. मनात एक ते पाच मोजा. ती शांतता अवघडल्यासारखी वाटली तरी चालेल.

वेळ वाया जातो आणि अभ्यासक्रम मागे पडतो, ही तक्रार खरी आहे. एका तासात दोन प्रश्नांना बारा-पंधरा मिनिटं लागतात. पण बदल्यात काय मिळतं ते मोजलं गेलेलं आहे. रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये 62 प्राथमिक भौतिकशास्त्र अभ्यासक्रमांतल्या 6,542 विद्यार्थ्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या चाचण्या तपासल्या. जेवढी सुधारणा शक्य होती तिच्यातला सरासरी 23 टक्के भाग निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांनी साधला, तर विद्यार्थ्यांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांनी 48 टक्के. 2014 मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले 225 अभ्यास एकत्र केले: व्याख्यानाच्या वर्गांत नापासाचं सरासरी प्रमाण 33.8 टक्के, अशा बोलत्या, सक्रिय वर्गांत 21.8 टक्के. ज्या मजकुराचं नुसतं वाचन होतं तो घरी वाचायला द्या, वेळ तिथून काढा.

पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगायला विसरू नका. 2019 मध्ये हार्वर्डमध्येच डेलोरिए आणि सहकाऱ्यांना असं आढळलं, की सक्रिय तासात विद्यार्थी जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. धडपडताना शिकणं अवघड वाटतं आणि सफाईदार व्याख्यान ऐकताना सोपं. हे आधी सांगितलं नाही, तर चौथ्या आठवड्यात ‘सर शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात’ अशी तक्रार येते आणि शिक्षक बिचकून जुन्या पद्धतीकडे परततो.

फळ्यावर उदाहरण सोडवायचं, आणि लगेच घरी पूर्ण उदाहरण द्यायचं

वहीत सगळं व्यवस्थित उतरवलेलं असतं, पण घरी पहिली ओळसुद्धा सुचत नाही. कारण शिक्षक जो निर्णय मनातल्या मनात घेतो तोच फळ्यावर येत नाही: छेद इथेच का घेतला, मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम) याच बिंदूभोवती का. तो निर्णय मोठ्याने बोला आणि बाजूला लिहा. ‘ब बिंदूभोवती मोमेंट, कारण तिथून दोन अज्ञात बलं जातात आणि समीकरणात एकच उरतं.’

मग मधल्या पायऱ्या द्या. बीमच्या शिअर फोर्स डायग्रामसाठी (बीमच्या प्रत्येक छेदावरचं कातरबल दाखवणाऱ्या आकृतीसाठी) चार उदाहरणांचा संच पुरतो. पहिलं पूर्ण सोडवलेलं, पण प्रत्येक पायरीशेजारी ‘हे का केलं?’ याचं उत्तर विद्यार्थ्याने लिहायचं. दुसऱ्यात शेवटची पायरी, म्हणजे आकृती काढणं, रिकामी. तिसऱ्यात छेदांची समीकरणंही रिकामी. चौथ्यात फक्त बीम आणि भार. सोडवलेली उदाहरणं अभ्यासून नवशिका लवकर शिकतो हे स्वेलर आणि कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणितावर दाखवलं. पण याला उलटी बाजूही आहे: विद्यार्थी तयार झाल्यावरही तयार उत्तरंच देत राहिलात, तर फायदा नाहीसा होतो. चौथं उदाहरण ज्याला जमलं त्याला पाचवं सोडवलेलं देऊ नका.

फ्री बॉडी डायग्रामबद्दल (वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणाऱ्या आकृतीबद्दल) थोडं कडक राहावं लागतं. दहा गुणांच्या प्रश्नात चार गुण फक्त आकृतीला ठेवा, आणि ट्यूटोरियलमध्ये आकृती तपासून घेतल्याशिवाय समीकरण लिहू देऊ नका. नेहमीच्या चुका मोजक्याच असतात. वस्तू आधारापासून सुटी न काढता बलं दाखवणं. क्रिया आणि प्रतिक्रिया दोन्ही एकाच वस्तूवर दाखवणं. गतीच्या दिशेने एक काल्पनिक बल जोडणं. आणि घर्षण नेहमी μN (गुणांक गुणिले पृष्ठभागाचं लंब बल) धरणं. शेवटच्या चुकीसाठी हा प्रश्न द्या: 10 किलोचा स्थिर ठोकळा सपाट पृष्ठभागावर आहे, स्थिर घर्षणाचा गुणांक 0.4, आडवं बल 20 न्यूटन. घर्षण किती? बरेच जण 39.2 न्यूटन लिहितात. ती कमाल मर्यादा झाली. ठोकळा हलत नाही, म्हणून घर्षण 20 न्यूटनच. 39.2 लिहिणाऱ्याला विचारा, ‘मग ठोकळा मागे सरकायला लागेल का?’ चूक त्याची त्यालाच दिसते.

सरावाची सगळी उदाहरणं एकाच धड्यातली

सरावसंचावर ‘बर्नुलीचं समीकरण’ असा मथळा असला की कोणतं सूत्र लावायचं हा प्रश्नच उरत नाही, आणि परीक्षेत नेमका तोच प्रश्न असतो. रोहरर आणि टेलर यांच्या 2007 च्या प्रयोगात घनफळाची उदाहरणं एका गटाने प्रकारवार सोडवली, दुसऱ्याने मिसळून. सरावाच्या वेळी प्रकारवार गट पुढे होता, 89 विरुद्ध 60 टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत चित्र उलटलं: 20 विरुद्ध 63.

आठ उदाहरणांचा संच असेल तर चार या आठवड्यातली, दोन मागच्या आठवड्यातली, दोन महिन्यापूर्वीची ठेवा, मथळा काढून टाका आणि क्रम मिसळा. अगदी नवीन संकल्पनेची पहिली दोन-तीन उदाहरणं मात्र सलग असू द्या, नाहीतर पकड येण्याआधीच गोंधळ होतो.

पहिली चाचणी उशिरा, आणि तपासून दिले ते फक्त गुण

तिसऱ्या आठवड्याच्या आत पंधरा मिनिटांची, एकाच प्रश्नाची चाचणी घ्या. अंतिम निकालात तिला 3 ते 5 टक्के भार पुरे. उत्तरपत्रिका पुढच्या तासाला परत मिळाली पाहिजे. तीन आठवड्यांनी मिळालेल्या शेऱ्याचा उपयोग नसतो, कारण तोवर विद्यार्थी तो प्रश्न विसरलेला असतो.

सत्तर जणांच्या वर्गात प्रत्येकाला सविस्तर शेरा लिहिणं शक्य नाही. त्याऐवजी समासात खुणा वापरा: आकृती चुकली तर ‘आ’, चिन्ह चुकलं तर ‘चि’, एकक चुकलं तर ‘ए’, तत्त्वच चुकीचं निवडलं तर ‘त’, नुसती आकडेमोड चुकली तर ‘ग’. खुणा मोजल्या की पुढच्या तासाला काय शिकवायचं ते आपोआप ठरतं. ‘ग’ जास्त असतील तर काळजी नको. ‘त’ आणि ‘आ’ जास्त असतील तर थांबा.

शेरा आणि गुण एकत्र दिले की विद्यार्थी गुण पाहतो आणि कागद मिटतो. रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात फक्त शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली, शेऱ्यासोबत गुण मिळालेल्यांची नाही. ती शाळकरी मुलं होती, पण पदवीच्या वर्गातही करून पाहण्यासारखं आहे: आधी खुणांसह कागद परत द्या, चूक कोणती आणि का झाली ते दोन ओळींत लिहून घेऊन दुरुस्ती करवा, दुरुस्तीला गमावलेल्या गुणांपैकी निम्मे द्या, आणि गुण त्यानंतर जाहीर करा.

प्रयोगशाळेत उत्तर आधीच माहीत असणं

पोलादाचा यंग गुणांक (ताणाला किंवा वाकण्याला धातू किती विरोध करतो त्याचं माप) 200 गिगापास्कलच्या आसपास येणार हे ठाऊक असेल, तर रीडिंग तिथपर्यंत आणली जातात. जर्नल सुबक दिसतं, पण विद्यार्थी मोजमाप शिकत नाही. कॅन्टिलिव्हर पट्टीचा साधा प्रयोग घ्या: एक टोक क्लॅम्पमध्ये घट्ट धरायचं, मोकळ्या टोकाला भार लावायचा आणि विक्षेप, म्हणजे टोक किती खाली आलं ते, मोजून गुणांक काढायचा. पट्टी 3 मिमी जाडीची आहे आणि जाडी मोजताना 0.1 मिमीची चूक झाली, म्हणजे 3.3 टक्के. सूत्रात जाडीचा घन येतो, म्हणून गुणांकात चूक सुमारे 10 टक्के. लांबीचाही घन येतो, म्हणून 300 मिमी लांबीत 3 मिमीची चूक झाली तर आणखी 3 टक्के. क्लॅम्प थोडा जरी सैल असला, तरी विक्षेप जास्त येतो आणि गुणांक कमी निघतो.

म्हणून पट्टी कोणत्या धातूची ते सांगू नका. रंग देऊन ठेवा. प्रयोगाआधी अंदाज लिहून घ्या: भार दुप्पट केला तर विक्षेप किती, लांबी दुप्पट केली तर किती. निष्कर्षाला गुण देऊ नका. कोणत्या मोजमापाची अनिश्चितता सर्वांत महाग पडली या उत्तराला द्या. एका टेबलाशी चार जण असतील तर जोडणी, वाचन, नोंद आणि तपासणी अशी कामं दर प्रयोगाला फिरवा. नाहीतर सत्रभर एकच जण उपकरणाला हात लावतो.

गट मित्रांनी मिळून करणं

मित्रांचे गट बनले की तयारीचे विद्यार्थी एकत्र जातात आणि उरलेल्यांचा एक हताश गट उरतो. गट शिक्षकाने करावेत, तीन किंवा चार जणांचे. मोकळ्या वेळा जुळतात का हे आधी पाहा, आणि वर्गात मुली मोजक्याच असतील तर प्रत्येक गटात एकेक वाटू नका. एकटी पडलेली विद्यार्थिनी बहुधा अहवाल लिहिण्याच्या कामावर ढकलली जाते. सहकाऱ्यांनी एकमेकांचं मूल्यमापन दोनदा करावं, एकदा अर्ध्यावर आणि एकदा शेवटी. फक्त शेवटी केलं तर सुधारायला वेळच नसतो.

पाया गृहीत धरणं

पहिल्या दिवशी वीस मिनिटांत दहा प्रश्न विचारा: सदिशाचे घटक, एककांचं रूपांतर, साधं अवकलन, आलेखाचा उतार, वस्तू फिरवल्यावर कशी दिसेल. गुण नकोत. सहापेक्षा कमी बरोबर असणाऱ्यांसाठी पहिल्या चार आठवड्यांत जादा तास ठेवा.

शेवटचा प्रश्न उगाच नाही. त्रिमितीय कल्पना ही जन्मजात देणगी समजून सोडून दिली जाते, पण ती सरावाने वाढते. मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी फिरवलेल्या वस्तू ओळखण्याच्या चाचणीत 60 टक्के किंवा कमी गुण मिळालेल्यांसाठी 1993 पासून वेगळा अभ्यासक्रम चालवला आणि त्यांची क्षमता स्पष्टपणे सुधारली. ठोकळे हातात घेऊन ठिपक्यांच्या आयसोमेट्रिक कागदावर पेन्सिलीने रेखाटणं हा त्याचा गाभा. थेट कॅड सॉफ्टवेअरवर बसवू नका; तिथे वस्तू माउसने फिरते, डोक्यात फिरवावी लागत नाही.

गणितात अडलेल्यांसाठी राइट स्टेट विद्यापीठाने 2004 मध्ये वेगळी वाट काढली: अभियांत्रिकीच्या शिक्षकांनीच, पुढच्या विषयांत प्रत्यक्ष लागणारं तेवढं गणित पहिल्या वर्षी उदाहरणांतून शिकवायचं.

विद्यार्थ्यांना ‘पाहून शिकणारे’ आणि ‘ऐकून शिकणारे’ असं विभागून वेगवेगळं शिकवण्यात वेळ घालवू नका. 2008 मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा त्याला पुरेसा आधार सापडला नाही. आकृती सगळ्यांनाच लागते.

घसरलेल्या विद्यार्थ्याला ‘मेहनत कर’ सांगणं

तिसऱ्या आठवड्याच्या चाचणीत मागे पडलेल्यांची यादी त्याच दिवशी करा आणि पुढच्या सात दिवसांत प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला. ‘काय समजलं नाही?’ असं विचारू नका, ते त्याला सांगता येत नाही. त्याचीच उत्तरपत्रिका समोर ठेवा, ‘पहिली ओळ लिहिताना काय विचार केलास?’ असं विचारा आणि गप्प राहून ऐका. मग एकच काम द्या: या प्रकारची तीन उदाहरणं, फक्त आकृतीपर्यंत, परवापर्यंत. परवा तो कागद घेऊन आला, तर त्याच्यासमोर तपासा. आला नाही, तर त्याच संध्याकाळी निरोप पाठवा.