सभागृहातील कंट्रोल सिस्टीम: या चुका टाळा

अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतील बैठकीच्या खोल्या असोत किंवा गंगापूर रोडवरील महाविद्यालयांची सभागृहे, प्रोजेक्टर, पडदा, ध्वनियंत्रणा आणि दिवे एकाच टच पॅनेलवरून चालवण्याची सोय आता नाशिकमध्ये सर्रास केली जाते. ती चालेनाशी झाली म्हणून मला बोलावले जाते तेव्हा कंट्रोलर, म्हणजे पॅनेलवरून मिळालेला हुकूम यंत्रांना पोहोचवणारी पेटी, बिघडलेला क्वचितच आढळतो. तो इमानेइतबारे हुकूम सोडत असतो; पण तो पाळला गेला का, हे विचारायला त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

मला सर्वाधिक चीड आणणारी चूक म्हणजे रिमोटच्या पॉवर बटणाचा संकेत जसाच्या तसा कंट्रोलरला शिकवून मोकळे होणे. बहुतेक रिमोटवर चालू आणि बंद करण्यासाठी एकच बटण असते आणि त्याचा अर्थ ‘चालू हो’ असा नसून ‘आहेस त्याच्या उलट हो’ असा असतो. अंबडमधील एका कारखान्यात दोन टीव्ही शेजारी शेजारी लावून दोघांना कंट्रोलरच्या एकाच पोर्टवरून आयआर एमिटर, म्हणजे रिमोटसारखा अदृश्य प्रकाशाचा (इन्फ्रारेड) संकेत सोडणारे चिकटवायचे छोटे दिवे, जोडले होते. काही दिवस सगळे सुरळीत चालले. मग एका दुपारी कोणीतरी क्रिकेटचा सामना पाहण्यासाठी एक टीव्ही साध्या रिमोटने लावला आणि तसाच चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी पॅनेलवरील बटण दाबताच चालू असलेला टीव्ही बंद झाला आणि बंद असलेला चालू झाला; पुन्हा दाबले तर उलट. पाहुणे समोर बसलेले असताना व्यवस्थापक ते बटण दाबत राहिले आणि दोन्ही टीव्ही आळीपाळीने डोळे मिचकावत राहिले. ज्याने जोडणी केली होती, त्याने दोष टीव्हीवर ढकलला. एक टीव्ही बदलूनही आणला गेला आणि दोष अर्थातच जागच्या जागी राहिला.

अशा ठिकाणी मी आधी चालू आणि बंद यांचे स्वतंत्र आयआर संकेत शोधतो. रिमोटवर त्यांची बटणे नसली तरी अनेक उत्पादक ते यंत्रात ठेवतात. मात्र यंत्राला आरएस-२३२ (तारेतून हुकूम आणि उत्तरे नेणारी जोडणी) किंवा नेटवर्कची जोडणी असेल, तर आयआरच्या वाटेला जाऊच नये, कारण आयआरमध्ये उलट उत्तर मिळत नाही. अनेक कंपन्यांच्या प्रोजेक्टरमध्ये असलेल्या पीजेलिंक या सामाईक पद्धतीत प्रोजेक्टरला त्याची अवस्था विचारता येते: उत्तर ० आले तर तो बंद आहे, १ म्हणजे चालू, २ म्हणजे थंड होत आहे आणि ३ म्हणजे तापत आहे. माझा प्रोग्राम हुकूम सोडल्यावर दर पाच सेकंदांनी हे विचारतो, उत्तर पॅनेलवर मराठीत दाखवतो आणि प्रोजेक्टर पूर्ण चालू किंवा बंद होईपर्यंत बटण अडवून ठेवतो. नवशिके येथे ठरावीक सेकंदांचा विराम टाकून घरी जातात. नुकताच बंद केलेला प्रोजेक्टर लगेच चालू करायचा झाला, तर त्याचा आधी थंड होण्यात वेळ जातो, आणि तो विराम तेथेच तोकडा पडतो.

दुसरी चूक पावसाळ्यात उघडी पडते. एका महाविद्यालयाच्या सभागृहात प्रोजेक्टरला राउटरने आपोआप दिलेला आयपी अ‍ॅड्रेस प्रोग्राममध्ये लिहून ठेवला होता. जूनमधील पहिल्याच वादळात वीज गेली, ती परत आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले आणि प्रोजेक्टरचा पत्ता कार्यालयातील प्रिंटरकडे गेला. कंट्रोलर आठवडाभर प्रिंटरला चालू होण्याची विनंती करत होता. तेव्हापासून मी प्रत्येक यंत्राला स्थिर पत्ता देतो, तो राउटरच्या वाटपाच्या हद्दीबाहेर ठेवतो आणि यंत्राच्या पाठीवर चिकटवतो. काम ताब्यात देण्यापूर्वी मुख्य स्विच पाडून सगळी खोली नव्याने सुरू करून पाहतो. ज्याला एवढी दहा मिनिटे जड जातात, त्याने हा धंदा करू नये. याच घराण्यातील आणखी एक तक्रार म्हणजे प्रोजेक्टर पॅनेलवरून बंद होतो, पण चालू होत नाही. त्यासाठी केबल बदलण्याआधी प्रोजेक्टरच्या मेनूत जाऊन स्टँडबायची नोंद पाहावी: वीज वाचवणाऱ्या पर्यायात अनेक प्रोजेक्टर झोपताना नेटवर्कही मिटवून घेतात.

आरएस-२३२ ची केबल ‘दोन्ही टोकांना नऊ पिना बसल्या’ म्हणून बरोबर ठरत नाही. एकाची पाठवणारी तार दुसऱ्याच्या ऐकणाऱ्या तारेवर जायला हवी. मी मल्टिमीटरने पाच क्रमांकाच्या पिनेसापेक्षा दोन आणि तीन क्रमांकांच्या पिना तपासतो. स्वस्थ बसलेल्या यंत्राच्या ज्या पिनेवर उणे व्होल्टेज दिसते, ती त्याची पाठवणारी पिन. तरीही उत्तर आले नाही, तर दोन्ही बाजूंचा बॉड रेट (संकेत पाठवण्याचा वेग) आणि हुकमाच्या शेवटचे कॅरेज रिटर्न (हुकूम संपल्याची खूण) पाहावे. ते कॅरेज रिटर्न विसरले की समोरचे यंत्र वाक्य संपण्याची वाट पाहत बसते.

पडद्याच्या मोटरला वर आणि खाली असे दोन्ही रिले (कंट्रोलरच्या हुकमाने वीज जोडणारे स्विच) एकाच वेळी मिळता कामा नयेत, आणि ही अडवणूक केवळ प्रोग्रामवर न सोपवता तारांच्या जोडणीतच करावी.

आयआर एमिटरचा चिकट कागद एप्रिलच्या उन्हाळ्यात सुटतो, म्हणून त्यावर पट्टी मारावी.

चित्र दिसत नाही, एवढ्यावरून कंट्रोलरचा प्रोग्राम उघडू नये. आधी लॅपटॉप थेट प्रोजेक्टरला जोडून पाहावा.

प्रोग्रामची मूळ फाइल ग्राहकाला न देणे, ही चूक मात्र मी अनवधानाची मानत नाही. अनेक प्रणालींत कंट्रोलरमधून बदल करण्याजोगा मूळ प्रोग्राम परत काढता येत नाही, त्यामुळे पुढच्या माणसाला सगळे पहिल्यापासून लिहावे लागते. मी ती फाइल, पत्त्यांची यादी आणि पासवर्ड एका पेन ड्राइव्हवर घालून देतो आणि मिळाल्याची सही घेतो.